थीम पार्कमधील सहकुटुंब उत्स्फूर्त विनोद : आपल्याकडे, मराठीत, तो कसा जमेल?

येऊरचा वारा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीतील पाच कुटुंबे मिळून एका थीम पार्कमध्ये सहलीला गेली होती. दुपारचे ऊन टाळण्यासाठी आम्ही एका वातानुकूलित सभागृहात शिरलो, तर बाहेर ‘प्रेक्षकांच्या सूचनांवर जागच्या जागी रचलेला विनोदी कार्यक्रम, सर्व वयोगटांसाठी’ अशी पाटी होती. प्रत्यक्षात सूत्रधाराने पहिल्या रांगेतील एका काकूंना रंगमंचावर बोलावून त्यांच्या वजनावर, त्यानंतर एका गृहस्थांच्या टकलावर आणि शेवटी एका नवविवाहित जोडप्याला ‘गोड बातमी’ कधी देणार यावर मिळून पंचवीस मिनिटे काढली. हशा भरपूर झाला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. परतीच्या बसमध्ये मात्र माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले की, काकूंनी तर काहीच सुचवले नव्हते, मग विनोद त्यांच्यावरच का केला? मला उत्तर देता आले नाही.

हे खटकण्याचे आणखी एक कारण आहे. २००६ ते २००८ या काळात नोकरीनिमित्त आम्ही फ्लोरिडात होतो आणि वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या प्लेझर आयलंड या भागातील ‘कॉमेडी वेअरहाउस’ हा प्रयोग मी चार वेळा पाहिला. १ मे १९८९ रोजी सुरू झालेले हे छोटेखानी नाट्यगृह सप्टेंबर २००८ मध्ये त्या भागातील इतर क्लबांबरोबर बंद झाले. मोजके नट, एक कीबोर्डवादक आणि प्रेक्षकांच्या आसनांजवळ बसवलेले काही टेलिफोन, एवढ्या भांडवलावर तेथे सगळा खेळ चाले. मध्येच एखादा टेलिफोन वाजे, जवळ बसलेला प्रेक्षक बावरून तो उचले आणि रंगमंचावरील नट त्याच्याकडून एखादे स्थळ, एखादा व्यवसाय किंवा एखादी वस्तू मागून घेई. पुढची पाच मिनिटे नट त्या शब्दाची सेवा करीत, प्रेक्षक मात्र सुरक्षित राही. अर्वाच्य शब्द नाही, कोणाच्या शरीरावर टिप्पणी नाही, तरीही चारही वेळा माझे पोट दुखेपर्यंत हसणे झाले.

दोन महिन्यांनी आमच्या सोसायटीचे स्नेहसंमेलन आहे. तेथे असा वीस मिनिटांचा कार्यक्रम मराठीत करावा, असा विचार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तिसरी घंटा

तुमच्या मुलीच्या प्रश्नात या कलेचा पहिला नियम आला आहे. प्रेक्षक हा सूचना देणारा यजमान असतो, त्याला विनोदाचा कच्चा माल करावयाचे नसते. मी ठाण्यातील हौशी रंगभूमीवर तीस वर्षे काम केले आहे आणि गडकरी रंगायतनच्या विंगेत उभा राहून अनेक नटांना आयत्या वेळी ‘ॲडिशन’ घेताना, म्हणजे लिहिलेल्या नाटकात पदरचे वाक्य घालताना, पाहिले आहे, म्हणून सांगतो की ॲडिशन घेणे आणि इम्प्रोव्ह करणे, म्हणजे संहितेशिवाय जागच्या जागी प्रसंग रचणे, या भिन्न गोष्टी आहेत. ॲडिशन घेणाऱ्या नटामागे लिहिलेले नाटक उभे असते. त्याची कोटी फसली तर तो मूळ वाक्यावर परत येतो. इम्प्रोव्ह करणाऱ्यामागे काहीच नसते, फक्त समोरचा सहकलाकार असतो, आणि म्हणून तेथे हजरजबाबीपणापेक्षा कान अधिक उपयोगी पडतात.

या कलेची मुळे लहान मुलांच्या खेळांत आहेत, हे फारसे कोणी सांगत नाही. शिकागोमध्ये नीव्हा बॉइड या समाजकार्यकर्तीकडून व्हायोला स्पोलिन सामूहिक खेळांचे तंत्र शिकल्या. पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीस, मंदीच्या काळातील सरकारी योजनेत काम करताना, वस्त्यांतील स्थलांतरितांच्या मुलांना नाटक शिकवण्यासाठी त्यांनी स्वतःचे खेळ रचले. भाषा आणि चालीरीती वेगवेगळ्या असलेली मुले पाठांतराने एकत्र येईनात, खेळाने मात्र आली. स्पोलिनबाईंचे या खेळांवरील पुस्तक १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधीच, डिसेंबर १९५९ मध्ये, त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी दोन सहकाऱ्यांसह शिकागोत ‘सेकंड सिटी’ हे नाट्यगृह सुरू केले होते आणि अमेरिकेतील या प्रकारच्या विनोदाची मोठी परंपरा तेथून वाढली. तेव्हा हा प्रौढांचा विनोद असून तो मुलांसाठी सौम्य करून घ्यावा लागतो, ही समजूत उलटी आहे. तो मुलांचाच होता, मोठ्यांनी तो मागाहून घेतला.

त्या सूत्रधाराने जे केले, ती खरे तर भीती होती. रिकाम्या रंगमंचावर काय करावे हे सुचेनासे झाले की नट समोरच्या माणसाच्या अंगावर जातो, कारण वजन आणि टक्कल या गोष्टी शोधाव्या लागत नाहीत.

पामबीचकर

मी थोडा वेगळा सूर लावतो. मराठी माणसाच्या विनोदात चिमटा काढणे पहिल्यापासून आहे. लग्नात उखाणा घेणाऱ्या नवरीची मैत्रिणी थट्टा करतात, विहिणी एकमेकींवर गाण्यांतून टोले हाणतात आणि त्यात कोणी अपमान मानीत नाही. सगळेच गुळगुळीत केले तर कार्यक्रम शाळेच्या परिपाठासारखा होईल. शिवाय थीम पार्कमधील प्रेक्षक सकाळपासून पाळण्यांत बसून, रांगांत उभा राहून दमलेला असतो. त्याला सूक्ष्म काही नको असते.

येऊरचा वारा

पामबीचकर, थट्टेला माझा विरोध नाही. त्याच संकुलातील मॅजिक किंगडम या उद्यानात २ एप्रिल २००७ पासून ‘मॉन्स्टर्स इंक. लाफ फ्लोर’ हा प्रयोग सुरू आहे. पडद्यावरील राक्षस विनोद सांगतात आणि समोरच्या प्रेक्षकांशी गप्पा मारतात, कारण त्यांना प्रत्यक्षात आत दडलेले नट कॅमेऱ्यातून प्रेक्षकांना पाहत त्याच क्षणी बोलवीत आणि हालवीत असतात. रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी मोबाइलवरून पाठवलेले विनोदही त्यात घेतले जातात. तेथे सुरुवातीलाच प्रेक्षकांतील एक गृहस्थ पडद्यावर दाखवला जातो आणि ‘तो माणूस’ म्हणून संपूर्ण प्रयोगभर त्याचा उल्लेख होत राहतो. त्याची थट्टा होते, पण ती त्याच्या पोटावर किंवा केसांवर नसते. आपली निवड झाली, एवढाच त्याचा ‘गुन्हा’ असतो. विहिणींचे म्हणाल, तर दोन्ही बाजूंना टोला परतवण्याचा हक्क असतो. त्या काकूंच्या हातात माईकसुद्धा नव्हता.

कासारवडवलीची आई

आम्ही टोकियोला दिरांकडे गेलो असताना डिस्ने सीमध्ये ‘टर्टल टॉक’ पाहिले. मूळ प्रयोग नोव्हेंबर २००४ मध्ये फ्लोरिडाच्या एपकॉट उद्यानात सुरू झाला आणि टोकियोत तो २००९ पासून जपानी भाषेत होतो. पाण्याखालच्या खिडकीसारख्या मोठ्या पडद्यावर क्रश नावाचे समुद्रकासव पोहत येते आणि मुलांच्या प्रश्नांना तेथल्या तेथे उत्तरे देते. आम्हाला जपानीतील अक्षर कळत नव्हते, तरीही माझा पाच वर्षांचा मुलगा खदाखदा हसत होता, कारण शेजारची जपानी मुले काहीतरी विचारीत आणि कासवाचा चेहरा गोंधळून जाई.

त्या प्रयोगात मुलांना पालकांपासून वेगळे, अगदी पुढे, जमिनीवर बसवतात. आधी मला ती केवळ जागेची सोय वाटली. पण आई शेजारी असली की मूल प्रश्न विचारण्याआधी आईच्या चेहऱ्याकडे पाहते आणि आई हळूच ‘असे विचार’ म्हणून शहाणा प्रश्न पढवते. पुढे बसलेली मुले स्वतःच्या मनातले विचारतात. त्यातूनच खरा विनोद होतो, कारण नटाला त्याची पूर्वकल्पना असूच शकत नाही. तुमच्या कार्यक्रमात सतरंजी घाला आणि मुलांना पुढे बसवा.

आणखी असे की, कासव कधीही सर्वज्ञ नसते. माणसांच्या जगातील साध्या गोष्टी त्याला ठाऊक नसतात आणि मुलांना त्याला समजावून सांगावे लागते. मोठे माणूस आपल्यापेक्षा अडाणी निघाले, याचा आनंद मुलांना किती होतो, हे कोणत्याही आईला विचारा.

तळकोकणी

वरील चर्चा वाचून मला गावची जत्रा आठवली. मी नेरुळला राहतो, मूळ गाव कुडाळ तालुक्यात. ज्याला आपण येथे परदेशी कला म्हणून नमस्कार करीत आहोत, ती आमच्याकडे दशावतारात शेकडो रात्री चालते. दशावतारी नाटकाला परंपरेने लिहिलेली संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे आणि कोणी कोणती भूमिका करायची हे आधी ठरते, मग नट तोंड रंगवायला बसतात आणि संवाद थेट रंगमंचावर, परस्परांच्या बोलण्यातून जन्माला येतात. पुराणातील राजा असो की राक्षस, त्याच्या तोंडी गावातल्या रस्त्याचे खड्डे येतात आणि समोर बसलेला सरपंचही हसतो. पेटीवाला आणि मृदंगवाला नटाच्या श्वासाकडे लक्ष ठेवून असतात. नट अडखळला की त्याला विचार करायला वेळ मिळावा म्हणून पद उचलले जाते, आणि ते अडखळणे प्रेक्षकाला कळतही नाही.

धागाकर्त्यांनी कॉमेडी वेअरहाउसमधील कीबोर्डवादकाचा उल्लेख एका शब्दात उरकला आहे. माझ्या मते निम्मा प्रयोग तोच चालवीत असणार. तुम्ही नट चार कमी घ्या, पण पेटी वाजवणारा चांगला घ्या.

आणखी एक. डिस्नेच्या हॉलिवूड स्टुडिओज या उद्यानात १९८९ पासून २०२० पर्यंत ‘सिटिझन्स ऑफ हॉलिवूड’ नावाची नटमंडळी रस्त्यावरच हिंडत आणि कोणी दिग्दर्शक, कोणी होतकरू नटी, कोणी वाहतूक पोलीस बनून पाहुण्यांशी तेथल्या तेथे प्रसंग रचीत. हे वर्णन मी वाचले तेव्हा मनात म्हटले की, हा तर आपला बहुरूपी. खाकी गणवेश घालून दारात उभा राहणारा, ‘तुमच्यावर वॉरंट आहे’ असे दरडावणारा आणि शेवटी हसवून दक्षिणा घेऊन जाणारा बहुरूपी माझ्या लहानपणी डोंबिवलीच्या चाळीतही येत असे. त्याला कोणत्याही पार्कने कामावर ठेवले नाही, हे दुर्दैव.

तिसरी घंटा

तळकोकणींशी मी पूर्ण सहमत आहे, फक्त एक भेद सांगतो. दशावतारी नटाजवळ पुराणकथेचा कणा असतो. इम्प्रोव्हमध्ये तो कणा खेळाच्या नियमातून येतो. त्यामुळे नवख्यांनी मोकळा प्रसंग करण्याच्या फंदात पडू नये, नियम असलेले छोटे खेळ घ्यावेत. एक जण निरर्थक भाषेत भाषण करतो आणि दुसरा त्याचे मराठी भाषांतर करतो, हा खेळ कधीच फसत नाही. तीन जणांनी मिळून, प्रत्येकाने एकेक शब्द बोलत, एका सर्वज्ञ बाबांप्रमाणे प्रश्नांची उत्तरे देणे, हाही उत्तम आहे.

मराठीत मात्र एक अडचण आणि तीच एक देणगी आहे. इंग्रजी नट पहिले वाक्य बोलला तरी समोरचा त्याचा बाप आहे की नोकर, हे अनेकदा उघड होत नाही, कारण त्यांच्याकडे सर्वांना एकच सर्वनाम. आपल्याकडे ‘अहो, ऐकलंत का’ म्हटले की संसार उभा राहिला. ‘काय रे’ म्हटले की मैत्री किंवा वडीलकी आली. एका नटाने ‘तू’ म्हटले आणि दुसऱ्याने ‘आपण’ असे उत्तर दिले, तर त्या दोघांतील उंची पहिल्या पाच सेकंदांत ठरते. इम्प्रोव्हचे नामवंत शिक्षक कीथ जॉन्स्टन यांनी १९७९ च्या आपल्या पुस्तकात दोन माणसांमधील या चढउताराला सर्व नाट्याचे मूळ मानले आहे. त्यांच्या नटांना जे देहबोलीतून उभे करावे लागते, ते आपल्याला व्याकरणाने फुकट दिले आहे. तालमीत फक्त हेच करून पाहा : दोघांनी बोलत राहायचे आणि मध्येच, कारण न सांगता, एकाने ‘अहो’ वरून ‘अरे’ वर यायचे. काय घडले असेल, हे प्रेक्षकच तर्क करून हसू लागतात.

इंग्रजीत वर्णमालेचा खेळही प्रसिद्ध आहे. पहिले वाक्य पहिल्या अक्षराने, पुढचे दुसऱ्या अक्षराने, असा संवाद करावयाचा. आम्ही तो क, ख, ग, घ असा करून पाहिला आणि छान रंगला. ङ आणि ञ वगळावे लागतात, ते कोणी विचारीत नाही. पण मुले ‘ण’पाशी अडून बसतात आणि नट गप्प होतात, कारण ‘ण’ने सुरू होणारा रोजच्या वापरातील शब्द मराठीत नाही. त्यावर मला आजवर उपाय सापडलेला नाही.

घंटाळी

एक रुक्ष मुद्दा मांडतो, त्याबद्दल क्षमस्व. सोसायटीतील खासगी कार्यक्रम ठीक आहे, परंतु हाच प्रयोग उद्या कोणी तिकीट लावून नाट्यगृहात करू म्हणेल, तर आपल्या राज्यात नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे आधी सादर करून प्रमाणपत्र घेण्याची पद्धत आहे. ज्या प्रयोगाला संहिताच नाही, त्याचे परिनिरीक्षण कशाचे करणार? या पूर्वपरवानगीलाच अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. उत्स्फूर्त नाट्य हे या नियमाचे सर्वात गमतीदार कोडे आहे, कारण येथे नटालाही पुढचे वाक्य ठाऊक नसते.

आणि कार्यक्रम उघड्यावर करणार असाल, तर ध्वनिक्षेपक रात्री दहापूर्वी बंद करावा लागतो, हे लक्षात ठेवून वेळ ठरवा.

पामबीचकर

वरील सर्व वाचून मी माझे म्हणणे अर्धे मागे घेतो. उरलेले अर्धे असे आहे की, सभ्यता नटाने कितीही पाळली, तरी प्रेक्षकातून कोणीतरी आंबट शब्द ओरडणारच. आमच्या कार्यालयाच्या वार्षिक कार्यक्रमात सूत्रधाराने ‘एखादे नाते सांगा’ असे विचारले आणि मागून जे उत्तर आले, ते येथे लिहिण्यासारखे नाही. सूत्रधार लाजून हसला आणि तेच उत्तर माईकवरून पुन्हा उच्चारून बसला. अशा वेळी काय करावे?

तिसरी घंटा

चूक प्रश्नात होती. ‘एखादे नाते’, ‘एखादी जागा’ असे सैल प्रश्न विचारले की उत्तरे एक तर आंबट येतात, नाही तर ‘न्हाणीघर’ येते. प्रश्न अरुंद करा. ‘आजीच्या कपाटात सापडणारी, पण आजी कधीच न वापरणारी वस्तू’, ‘ठाणे स्थानकावर सकाळी आठ वाजता हमखास ऐकू येणारे वाक्य’, ‘बाबांनी दुरुस्त करायला घेतलेली आणि कायमची बिघडलेली वस्तू’ असे विचारले, तर ओरडणाऱ्यालाही क्षणभर विचार करावा लागतो, आणि विचार करणारा माणूस सहसा आंबट बोलत नाही. तरीही नको तो शब्द आलाच, तर तो माईकवर पुन्हा कधीही उच्चारू नये. दुसऱ्या कोपऱ्यातील शब्द ऐकू आल्याप्रमाणे उचलावा आणि पुढे जावे. ओरडणाऱ्याला रागावूही नये, कारण मग तोच कार्यक्रमाचा नायक होतो.

बोलींबद्दलही सांगतो. आगरी किंवा मालवणी बोलणारे पात्र जरूर आणावे, पण ज्याच्या घरात ती बोली आहे त्यानेच ते करावे, आणि ते पात्र प्रसंगातील सर्वात शहाणे असावे.

कासारवडवलीची आई

ओरडण्याऐवजी चिठ्ठ्या घेतल्या तर? चहाच्या वेळी मुलांकडून लिहून घेऊन एका डब्यात टाकता येतील. वाचण्याआधी सूत्रधाराची नजर त्यावरून फिरते, आणि लाजाळू मुलांनाही वाटा मिळतो.

येऊरचा वारा

सर्वांचे आभार. संमेलनाआधी चाचणी म्हणून गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये वीस मिनिटांचा प्रयोग केला, त्याचा वृत्तान्त देतो.

नट चार होते : मी, दुसऱ्या मजल्यावरील एक महाविद्यालयीन मुलगी, आमचे सोसायटीचे अध्यक्ष आणि बहात्तर वर्षांच्या एक आजी, ज्यांनी ‘मला पाठ करायचे नसेल तर येते’ या एकाच अटीवर होकार दिला. तळकोकणींच्या आग्रहामुळे पेटीवर भजनी मंडळातील एक काका बसवले. सतरंजीवर पंचवीसेक मुले होती, डब्यात चिठ्ठ्या होत्या.

पहिला भाषांतराचा खेळ पडला, हे सांगितलेच पाहिजे. मी निरर्थक भाषेऐवजी तोडकी तमिळ बोलल्यासारखे करू लागलो आणि तिसऱ्या रांगेतील तमिळ कुटुंबाचे चेहरे पाहून माझ्याच लक्षात आले की, मी तेच करीत होतो ज्याची तक्रार घेऊन हा धागा काढला. मी थांबलो, काकांनी पेटीवर सूर धरला आणि आम्ही पुढच्या खेळाकडे वळलो. पेटीवाल्याची किंमत मला तेव्हा कळली. बाबांचा खेळ उत्तम झाला. एका मुलाने ‘लिफ्ट नेहमी आमच्याच मजल्यावर का बंद पडते?’ असे विचारले आणि तिघांच्या एकेका शब्दातून ‘कारण... तुम्ही... देखभाल... शुल्क... पापड... समजता’ असे उत्तर निघाले. ‘पापड’ हा शब्द अध्यक्षांच्या तोंडून का आला, हे त्यांनाही सांगता येत नाही.

शेवटी वर्णमालेचा खेळ घेतला. डब्यातून चिठ्ठी आली : ठाणे स्थानकावरील तिकिटाची रांग. आजी आजीच झाल्या, अध्यक्ष त्यांचे नातू. एरवी त्यांना सगळी सोसायटी ‘साहेब’ म्हणते, येथे आजी ‘अरे’ वर आल्या आणि मुले लोळू लागली. गाडी ‘ढ’पर्यंत पोहोचली, तेव्हा मी खेळ थांबवून मुलांना विचारले की, आता ‘ण’चे काय करायचे. दुसरीतील एक मुलगी उठून म्हणाली, ‘शाळेत बाईंनी ण बाणाचा शिकवलाय. म्हणजे तो शेवटी आला तरी चालतो.’ तिसरी घंटा यांनी कृपया नोंद घ्यावी.

नियम तेथल्या तेथे मंजूर झाला. आजी म्हणाल्या, ‘ढकलाढकली करू नकोस, माझे गुडघे दुखताहेत.’ अध्यक्षांनी क्षणभर छताकडे पाहिले आणि म्हणाले, ‘मग आजी, एवढ्या मोठ्या रांगेत उभे राहणार कोण?’

पुढचे अक्षर ‘त’ होते. आजींनी काठी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘तूच.’